एका खोलीत दोन हाका

ऑफिसात तिला सगळे चौकटताई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. मग एकदा चहाच्या मशीनपाशी कुणाच्या तरी तोंडून ते समोरच निसटले, तिने मान वर न करता नुसते "हं" केले, आणि तेव्हापासून ते नाव तिला कायमचे चिकटले. नाव तसे सार्थच होते. दिवसभर ती चौकटी काढत असे आणि त्या बाणांनी जोडत असे. एखादे यंत्र बनवण्याआधी ते कसे वागेल हे कागदावर ठरवावे लागते. त्या ठरवण्याला तिच्या धंद्यात स्पेक म्हणतात, आणि नुसत्या शब्दांत ते नीट बांधता येत नाही म्हणून चौकटी, बाण, ठिपके यांची एक चिन्हलिपी वापरतात. चौकट म्हणजे यंत्राची एक अवस्था. बाण म्हणजे काय घडले असता ती सोडून दुसरीत जायचे. दिवा बंद ही एक चौकट, दिवा चालू ही दुसरी, आणि मधला बाण म्हणजे कुणीतरी बटण दाबले. इतके सोपे. पण यंत्र जेव्हा भिंतीत, दारात, खाटेत आणि माणसाच्या गळ्यातल्या बिल्ल्यात जाऊन बसते, आणि कुणी काही दाबण्याची वाट न पाहता नुसत्या येण्याजाण्यावरून आपले आपणच ठरवू लागते, तेव्हा बाणांचे जंजाळ होते. ते जंजाळ सोडवण्याचा पगार चौकटताईला मिळत असे.

तिला एक खोड होती. कुठेही गेली की ती भिंतीवरच्या पाट्या वाचायची. 'दार जोरात ओढावे.' 'हिरवे बटण दोनदा दाबावे.' 'पावती येईपर्यंत कार्ड काढू नये.' तिच्या लेखी अशी प्रत्येक पाटी म्हणजे कुणीतरी काढायचा विसरलेला बाण होता. यंत्राची चूक सुधारायची सोडून ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्यात अडकवायची सोय होती. लिफ्टपाशी अशा पाटीसमोर उभी राहून ती पुटपुटू लागली, की बरोबरची मंडळी तिला तिथेच सोडून जिन्याने निघून जात.

घरी ती आणि मावशी, अशा दोघीच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि गॅलरीत एक खुर्ची, जिच्यावर मावशीखेरीज कुणी बसायचे नाही असा अलिखित कायदा. आई गेल्यानंतर मावशीनेच तिला वाढवले होते. मावशी करारी होती म्हणावे, तर कुणावर आवाज चढवल्याचे कुणाला आठवत नव्हते. तिचा करारीपणा निराळाच होता: ती हाक एकदाच मारायची. जेवायला वाढले, की स्वयंपाकघरातून एकदा हाक यायची. आलात तर आलात. नाही आलात, तर ताट झाकून ठेवले जाई आणि मावशी स्वतःचे आटोपून गॅलरीत जाऊन बसे. दुसरी हाक हा तिला अपमान वाटायचा. आपलाही आणि समोरच्याचाही. या एका सवयीपायी चौकटताईने लहानपणी असंख्य वेळा गार जेवण जेवले होते, आणि कान टवकारून जगायची जी सवय तिला लागली ती पुढे धंद्यात उपयोगी पडली.

त्या वर्षी कंपनीकडे एका रुग्णालयाच्या नव्या वॉर्डाचे काम आले. काम छोटे होते. खाटेशी एक बटण. ते दाबले की दारावर दिवा लागायचा आणि नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर खाटेचा क्रमांक उमटायचा. आजवर नर्सला खाटेपाशी येऊन तो दिवा हाताने विझवावा लागे. आता गळ्यात बिल्ला घातलेली नर्स खोलीत शिरली, की दारातला सेन्सर तिला ओळखणार आणि हाक आपोआप मिटवणार, शिवाय 'प्रतिसाद मिळाला' अशी वेळेसकट नोंदही करणार. नर्सचा एक हेलपाटा वाचेल, नोंदी चोख राहतील, असे कंपनीच्या साहेबांनी रुग्णालयाला पटवले होते. चौकटताईने त्याचा तक्ता काढला. तीन चौकटी, चार बाण. एका खोलीत एक खाट असे तिला सांगितले होते, आणि एका खाटेच्या खोलीसाठी त्या तक्त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

मग रुग्णालयाने विचार बदलला. वॉर्डातल्या निम्म्या खोल्या दोन खाटांच्या करायचे ठरले. कंपनीत यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. दोन खाटा, तर तक्त्याच्या दोन प्रती, प्रश्न मिटला. ही बातमी चौकटताईला कळली ती कॅन्टीनच्या रांगेत, आणि तीही ओझरती.

जागेवर येऊन तिने खणातून ट्रेसिंग पेपर काढला. ही तिची जुनी पद्धत, आणि तिच्यावर हसायला ऑफिसला आयता मिळालेला विषय. तिने पहिल्या खाटेचा तक्ता एका कागदावर उतरवला, दुसऱ्या खाटेचा दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला टेकवले. उजेडात दोन्ही तक्ते एकत्र दिसले, आणि नको ते डोळ्यांत भरले. दोन्हींतला शेवटचा बाण एकच होता: नर्स खोलीत आली. खोली एक, दार एक, बिल्ला एक. नर्स पहिल्या खाटेसाठी आली, तरी दुसऱ्या खाटेची हाक त्याच पावलाला मिटणार. दोन्ही खाटांच्या मध्ये पडदा असणार. पलीकडच्या बाईने बटण दाबले आहे हे नर्सला कळायचा मार्ग म्हणजे टेबलावरची स्क्रीन. आणि ती परत जाऊन बघेल, तेव्हा स्क्रीन स्वच्छ.

सगळ्यात वाईट गोष्ट तिला थोडी उशिरा सुचली. हे घडले तरी ते कुठेही दिसणार नव्हते. नोंद करणारे यंत्र त्याच बाणांवर चालणारे. दोन हाका, दोन प्रतिसाद, असेच ते लिहिणार.

तपासणीच्या बैठकीत तिने हे मांडले. बैठकीची रीत ठरलेली होती: भिंतीवर एका वेळी एक तक्ता दाखवायचा, मंजूर करायचा, पुढच्याकडे वळायचे. दोन तक्ते एकत्र दाखवायची सोयच त्या प्रणालीत नव्हती. चौकटताईने ट्रेसिंग पेपर वर धरले. खोलीत उजेड कमी होता. मागच्यांना दिसले ते फक्त तिचे दोन हात.

तपासणीचे काम ज्याच्याकडे होते त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. स्वभावाने सज्जन, पण तक्त्यातला बाण तिरका दिसला की त्याच्या पोटात दुखायचे. तक्ता काय म्हणतो आहे, यापेक्षा तो कसा बसला आहे याकडे त्याचे लक्ष. त्याने सांगितले, की पहिला तक्ता निर्दोष आहे, दुसरा त्याची तंतोतंत प्रत आहे, तेव्हा दुसराही निर्दोष आहे. चौकटताई म्हणाली की खाटेचा तक्ता काढून भागणार नाही, खोलीचा काढावा लागेल. आणि त्यात कुठला प्रतिसाद कुठल्या हाकेचा हे दाखवायला चिन्हलिपीत एक नवे चिन्ह लागेल. तिने ते तयारही केले होते. बाणाच्या शेपटीला एक बारीक गाठ. ज्या हाकेशी गाठ, तीच हाक मिटेल. बाकीच्या जळत राहतील.

"नवं चिन्ह म्हणजे लिपीचे नियम ठरवणाऱ्या चिन्हमंडळाकडे अर्ज," फूटपट्टी म्हणाला. "आणि खरं सांगू का ताई, ती गाठ शाईचा डाग पडल्यासारखी दिसते."

सगळे हसले. तिने टीप लिहून जोडायची तयारी दाखवली. तेव्हा कुणीतरी आठवण करून दिली, की तक्त्यावरून प्रोग्राम तयार करणारे साधन टिपा वाचत नाही. ते फक्त चौकटी आणि बाण उचलते. टीप माणसांसाठी असते. आणि माणसे तक्ता मंजूर करताना टिपेपर्यंत पोचत नाहीत, हे कुणी बोलले नाही, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होते. साहेबांनी घड्याळ पाहिले आणि दोन्ही तक्ते मंजूर झाले.

याच सुमारास मावशी जिन्यात पडली. शेवटच्या पायरीवर पाय मुरगळला आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली ती त्याच रुग्णालयात. तिला ठेवले जुन्या वॉर्डात; पण नवा वॉर्ड सुरू झाला, की पायावरच्या शस्त्रक्रियेच्या सगळ्या बायकांना तिकडे हलवायचे ठरले होते. मावशीला खिडकीकडची खाट मिळणार म्हणून ती खूश होती. डॉक्टरांनी बजावले होते: आधाराशिवाय पाय जमिनीवर टेकायचा नाही, पुन्हा पडलात तर जोडलेले हाड निखळेल, आणि मग चालणे विसरा.

आता चौकटताईची झोप उडाली. साहेबांच्या केबिनबाहेर ती रोज उभी राहू लागली. ते तिला टाळत नव्हते; ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि शेवटी पुरावा मागायचे. रिकाम्या वॉर्डात कंपनीच्या माणसांनी चाचणी घेतली होती, आणि नोंदींत प्रत्येक हाकेला प्रतिसाद होता. ती सांगायची की नोंदी खोटे बोलत आहेत. ते म्हणायचे की नोंदींपेक्षा तिचा अंदाज खरा कसा मानायचा. भिंतीवर डोके आपटल्यासारखे ते बोलणे रोज तिथेच येऊन थांबायचे.

शेवटी तिने एकच मागणे मागितले: साहेबांनी स्वतः खाटेवर झोपून बघावे.

का कोण जाणे, ते तयार झाले. कदाचित कटकट मिटवायला. वॉर्ड उघडायच्या आधीच्या आठवड्यात, एका दुपारी, कंपनीची मंडळी तिथे जमली. दाराकडच्या खाटेवर फूटपट्टी आडवा झाला, बूट चादरीला लागू नयेत म्हणून पाय हवेत धरून. खिडकीकडच्या खाटेवर साहेब. मधे पडदा ओढला. वॉर्डाच्या मुख्य नर्स, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, टेबलाशी बसल्या. रोजच्यासारखे काम करायचे एवढेच त्यांना सांगितले होते. रुग्णालयाच्या अधीक्षकबाई येणार होत्या, पण त्यांना ऐन वेळी दुसरे काम निघाले.

फूटपट्टीने बटण दाबले. मोठ्या सिस्टर उठल्या. त्या वाटेवर असताना साहेबांनी दाबले. सिस्टर आत आल्या, फूटपट्टीला पाणी दिले, त्याचे पाय खाली ठेवले आणि टेबलाकडे परत गेल्या. स्क्रीन मोकळी होती. त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

बऱ्याच वेळाने पडद्यामागून साहेबांचा आवाज आला, "अहो, मी इथे आहे."

"ऐकू येतंय," दाराशी उभी असलेली चौकटताई म्हणाली. "पण तुम्हाला प्रतिसाद मिळालाय. नोंद बघा."

साहेब उठले, केस सारखे केले, टेबलाशी येऊन स्क्रीनवर नोंद पाहिली. दोन हाका, दोन प्रतिसाद. चौकटताईला वाटले, आता झाले. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता. मग तो पुन्हा वर चढला.

"सिस्टरनी पडदा सरकवून बघायला हवं होतं," ते म्हणाले.

मोठ्या सिस्टरनी वर्तमानपत्र घडी करून ठेवले. "कशासाठी? तुमच्या मशीननं सांगितलं, कुणी बोलवत नाहीये. प्रत्येक पडदा मीच सरकवायचा असेल, तर हे गळ्यात घंटा बांधल्यासारखं काय घालून फिरतेय मी?"

वाद फार वाढला नाही. साहेब हुशार होते. दोष आहे हे त्यांनी तिथल्या तिथे मान्य केले. पण वॉर्ड उघडायची तारीख ठरली होती. तक्ता बदलायचा म्हणजे पुन्हा तपासणी, पुन्हा मंजुरी, चिन्हमंडळ. तोवर दोन खाटांच्या खोल्यांत एक पाटी लावावी, असे त्यांनी ठरवले. नर्स आपल्याकडे न येता परत गेल्यास कृपया बटण पुन्हा दाबावे. मजकूर चौकटताईने लिहावा. विषय तिच्याइतका कुणाला ठाऊक होता?

आयुष्यभर ज्या पाट्यांसमोर उभी राहून ती दात-ओठ खात आली, तशी एक आता तिच्याच हातून लिहिली जाणार होती.

संध्याकाळी ती जुन्या वॉर्डात मावशीपाशी बसली. मावशीच्या उशाशी जुनी, तारेची घंटा होती; ती ओढली की दारावरचा दिवा लागे आणि नर्सने येऊन विझवेपर्यंत जळत राही. चौकटताईने तिला सहज विचारल्यासारखे विचारले.

"समज, नव्या खोलीत तू बटण दाबलंस. नर्स आली, शेजारच्या बाईंचं बघून परत गेली. मग?"

"मग काय? घाईत असेल बिचारी."

"पुन्हा दाबशील ना?"

मावशीने तिच्याकडे असे पाहिले, जणू भाचीने तिला रस्त्यात उभे राहून नाचायला सांगितले आहे. "एकदा बोलावलं ना तिला? दारावरच्या भाजीवाल्यासारखी ओरडत बसू का?"

"भिंतीवर तसं लिहिलेलं असलं तरी?"

"भिंतीवर हजार गोष्टी लिहिलेल्या असतात. तू वाच, तुला नाद आहे."

"मग काय करशील ते तरी सांग."

"उठेन हळूच," मावशी म्हणाली. "बाथरूम काय परगावी आहे?"

चौकटताईने तिची चादर नीट केली. मावशीला रागावण्यात अर्थ नव्हता. या बाईने आजवर दुसरी हाक मारली नव्हती, ती एका कागदासाठी आता मारणार नव्हती. आणि मावशी एकटी होती का? ज्यांना त्रास द्यायचा संकोच वाटतो, ज्या आधीच घाबरलेल्या आहेत, ज्यांना वाटते की आपल्याला मुद्दाम टाळले, अशा सगळ्या जणी एकदा दाबून गप्प राहणार होत्या. तक्त्यात त्यांच्यासाठी चौकट नव्हती आणि नोंदीत जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने पाटी लिहिली. सांगितलेला मजकूर लिहिला नाही. जे खरे होते ते, जमेल तितक्या साध्या शब्दांत लिहिले:

'या खोलीतील दोन्ही रुग्णांनी बटण दाबले आणि नर्स एकीकडे आली, तर दुसरीची हाकही मिटते. नर्सला ती दिसत नाही. नोंदीत मात्र तिला प्रतिसाद मिळाला असे लिहिले जाते.'

खाली कंपनीचे नाव, तिचे पद, आणि साहेबांच्या सहीसाठी जागा. हे अडवले जाणार याविषयी तिला शंका नव्हती. अडवले म्हणजे निदान कुणीतरी वाचले तरी असे होईल, एवढीच तिची अपेक्षा. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे पाटी मंजुरीला गेली. फूटपट्टीने समास दोन्ही बाजूंना सारखा केला, अक्षर एक आकार मोठे केले आणि शेरा मारला: मांडणी उत्तम. साहेबांनी इतर कागदांच्या गठ्ठ्यात तिच्यावर सही केली. पाट्या छापून आल्या आणि कंपनीच्या माणसाने त्या दोन खाटांच्या प्रत्येक खोलीत, रुग्णाच्या डोळ्यांसमोर, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून चिकटवल्या.

वॉर्ड उघडला त्या सकाळी अधीक्षकबाई रुग्णांच्या नातेवाइकांना घेऊन खोल्या दाखवत होत्या. पहिल्याच दोन खाटांच्या खोलीत एक गृहस्थ भिंतीपाशी थांबले, चष्मा वर करून त्यांनी पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, की माझ्या आईला यातली कुठली खाट देणार, हाक ऐकू येते ती की मिटते ती? अधीक्षकबाईंनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग सगळ्यांना बाहेर पाठवून त्यांनी साहेबांना फोन लावला.

त्या फोनवर काय बोलणे झाले ते कुणालाच नीट कळले नाही. दुपारपर्यंत मात्र दोन खाटांच्या सगळ्या खोल्यांत जुन्या तारेच्या घंटा लागल्या, आणि यंत्र दुरुस्त झाल्याशिवाय तिथले बटण सुरू करायचे नाही असा अधीक्षकबाईंचा आदेश निघाला.

साहेबांनी चौकटताईला बोलावले. टेबलावर पाटी होती, भिंतीवरून ओरबाडून काढलेली, एक कोपरा फाटलेला.

"हे काय लिहिलंत तुम्ही?"

"जे घडतं ते. खाली सही आहे तुमची."

"मला वाटलं, ठरलेलाच मजकूर असेल."

"मलाही वाटलं होतं, तुम्ही वाचाल," ती म्हणाली.

तिला काढले नाही. फक्त त्या कामावरून बाजूला केले. खोलीचा नवा तक्ता फूटपट्टीने काढला. इतके दिवस जे होणार नाही असे साहेब म्हणत होते, ते अधीक्षकबाईंच्या एका फोनने दोन आठवड्यांत झाले. गाठीचे चिन्ह त्याने घेतले नाही. त्याऐवजी नर्सने खाटेपाशी येऊन हाताने दिवा विझवायचा, असा बाण काढला. म्हणजे पूर्वी होते तेच, फक्त अधिक सुबक. तक्ता बरोबर होता. चौकटताईने दोन ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून, काचेला टेकवून तो तपासला, आणि चूक सापडली नाही याचा आनंद करावा की संताप, हे तिला ठरवता आले नाही. तिची गाठ चिन्हमंडळाकडे अर्जाच्या रूपाने पडून राहिली. उत्तर आले नाही.

मावशी खिडकीकडच्या खाटेवर गेली. चौकटताई भेटायला गेली, तेव्हा तिच्यासमोरच मावशीने बटण दाबले, एकदाच. मोठ्या सिस्टर आत आल्या, आधी शेजारच्या बाईंची उशी सारखी केली. दारावरचा दिवा जळतच होता. मग त्या पडदा सारून इकडे आल्या, मावशीला धरून उठवले आणि जाता जाता दिवा विझवला.

"बघ," मावशी म्हणाली, "आली की नाही? उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी चौकटताईने त्या वॉर्डाची जुनी फाइल मागवली. पाटीची प्रत तिला हवी होती. मजकूर ज्या अर्थी मंजूर झाला होता, त्या अर्थी तो फाइलीत असायला हवा होता. नव्हता. चाचणीच्या दुपारची नोंद होती: दोन हाका, दोन प्रतिसाद. तक्त्याच्या बदलासमोर कारण लिहायचा रकाना होता. त्यात फूटपट्टीच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'ग्राहकाच्या विनंतीवरून.'

तिने फाइल पुन्हा एकदा पहिल्यापासून चाळली. मग परत केली, आणि परत केल्याची सही ज्या रजिस्टरात करायची, त्याच्या वर भिंतीवर लावलेल्या पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. पाटीवर लिहिले होते: 'कागद मोजून घ्यावेत. नंतर तक्रार चालणार नाही.'